पिशवी आणि पत

ठाकुर्ली पूर्वेला, चोळेगावाच्या अंगाला, अजून काही चार मजली इमारती उभ्या आहेत. लिफ्ट नाही, जिना अरुंद, गच्चीवर गळतीपायी घातलेले पत्रे. त्यातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून एक आजी नायलॉनच्या दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडतात. पूर्वी ती भाजीच्या हातगाडीपाशी उतरायची. पैसे पिशवीतच, आणि वरून हुकूम: "पावशेर गवार, कोवळी बघून दे रे!" परवा तीच पिशवी एका डिलिव्हरीवाल्या पोरापुढे उतरताना पाहिली. अर्धा लिटर दूध, ब्रेड, कोथिंबिरीची जुडी. त्याने सामान आत टाकलं, दोरीला दोन हिसके दिले आणि मान वर करून ओरडला, "आजी, ओटीपी!" आजींनी चार आकडे खणखणीत आवाजात सांगितले. अख्ख्या गल्लीने ऐकले.

वाणसामान स्वतः जाऊन आणावं की घरी मागवावं, हा वाद हल्ली लग्नाच्या पंगतीतही निघतो. "आम्ही आता सगळं ऑनलाइनच" हे सांगायचा एक सूर असतो. "मी हाताने निवडल्याशिवाय भेंडी घरात आणत नाही" याचाही एक सूर असतो. दोघांनाही भेंडीपलीकडचं काही सांगायचं असतं. मागे वळून पाहिलं तर या दोन्ही गोष्टींचा भाव दर पिढीला उलटापालटा झालेला दिसतो. कधी घरी मागवणारा मोठा, कधी जाऊन आणणारा. बदलत नाही तो हिशेब एवढाच, की ओझं कोणी वाहिलं आणि कोण कोणासाठी थांबलं.

घरपोच माल चाळीतल्या माणसाला नवा नव्हताच. दुधाचा रतीब असे. सायकलला पेटी लावून पाववाला येई. कोळीण डोक्यावर पाटी घेऊन दारात बसे, कोयत्याने पापलेट साफ करून देई आणि उरलेले खवले मांजरांच्या हवाली करी. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दुपारच्या झोपेवर नेमकी टपकायची. याला कोणी चैन म्हणत नसे, कारण यातली वेळ विकणाऱ्याची असायची. कोळीण अकराला येणार तर अकराला घरी असायचं. चुकलात तर त्या दिवशी डाळ.

प्रतिष्ठेचं घरपोच वेगळं. ते म्हणजे वाण्याकडे यादी टाकणं. पगार झाला की पहिल्या आठवड्यात महिन्याचं सामान भरायचं. दुकानदार बहुधा कच्छी नाहीतर मारवाडी. यादी त्याच्या गल्ल्यावर ठेवून यायचं आणि संध्याकाळी त्याच्या दुकानातला पोऱ्या गोणी खांद्यावर टाकून जिना चढायचा. यादीवरच घराची पायरी कळे. कोलम की उकडा, शेंगदाण्याचं तेल की पामतेल, चहा पत्ती की भुकटी. ज्याला महिना भरता येत नव्हता त्याच्या घरातलं पोर बाटली घेऊन रोज दुकानात उभं असायचं, पाच रुपयांचं तेल आणि पुडीभर चहा मागत. म्हणजे त्या काळी स्वतः जाऊन आणणारे होते ते गरीब, आणि त्यातही त्यांची मुलं.

शिवाय होती वही. मराठीत पत या एकाच शब्दात उधार मिळण्याची लायकी आणि समाजातला मान दोन्ही मावतात, ते उगाच नाही. ठाकुर्लीला रेल्वेची वसाहत, बावन चाळ, पलीकडे चोळा पॉवर हाऊस. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार घेणारा रेल्वेतला माणूस म्हणजे दुकानदाराच्या लेखी सोन्याचं गिऱ्हाईक. त्याच्या नावाचं पान वहीत आपसूक उघडलं जाई. रोजंदारीवरच्या माणसाला ते पान मिळवायला वर्षं लागत. नाव वहीत असणं हा मान होता आणि ते भर दुकानात मोठ्याने वाचलं जाणं हा अपमान. दोन्ही एकाच काउंटरवर घडायचे.

मधल्या काळात रेशनने सगळ्यांना एका रांगेत आणलं. मुंबईत शिधावाटप सुरू झालं 1943 मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत, आणि स्वातंत्र्यानंतरही साखर, रॉकेल, गव्हासाठी कारकुनापासून हमालापर्यंत सगळे त्याच दुकानापुढे उभे राहिले. 1972 च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाईविरोधात बायकांना रस्त्यावर आणलं. हातात लाटणी आणि थाळ्या होत्या. सामान आणणं हे घरातलं क्षुल्लक काम नाही हे तेव्हा सचिवालयापर्यंत ऐकू गेलं. ही एक रांग मोडली ती बऱ्याच नंतर. 1 मे 1999 पासून राज्यात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. पंधरा हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर पिवळी, लाखापर्यंत केशरी आणि लाखाच्या वर पांढरी. घरात धान्याचा दाणाही न आणणारं ते पांढरं कार्ड लोकांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपलं. पत्त्याचा पुरावा म्हणून, आणि थोडं रंगासाठीही, असं मला नेहमी वाटत आलंय.

मराठी मध्यमवर्गाने आणावं की मागवावं या कोंडीवर काढलेला एक तोडगा मात्र विसरला गेलाय, आणि तो मला सगळ्या ॲपांपेक्षा बुद्धिमान वाटतो. गिरणी कामगारांच्या नायगावात 1948 मध्ये ‘अपना बाजार’ सुरू झाला, तो सहकारी दुकानाचा मार्ग. 1975 मध्ये बिंदुमाधव जोशी, संगीतकार सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली, ती दुकानच वगळणारी. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक ग्राहक संघ करायचा. महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची. पंचायत घाऊक खरेदी करणार आणि ठरलेल्या दिवशी सामानाची गाडी संघातल्या एका घरी येणार. तिथे सगळ्यांनी जमायचं, यादीप्रमाणे वाटप करायचं आणि आपापलं उचलून न्यायचं. माझ्या लहानपणी आमच्या हॉलमध्ये हे वाटप व्हायचं. सतरंजीवर साबणाच्या वड्यांचे मनोरे, कोपऱ्यात डाळींचे ढीग, आणि बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या काकू गुडघ्यावर बसून कोणाच्या ढिगात रवा कमी पडला ते मोजताहेत. माल घराशी आला होता, पण पोऱ्या नव्हता. ओझं उचलायची पाळी सगळ्यांवर येई. पंचायत आजही चालते. पण एखादा शनिवार त्यासाठी मोकळा ठेवू शकणारी घरं कमी झालीत, कारण घरातली दोन्ही माणसं 7:52 ची लोकल पकडतात.

मग आली ढकलगाडी. इथे जरा बाहेर डोकावणं भाग आहे. 1916 मध्ये अमेरिकेतल्या मेंफिसला क्लॅरेन्स साँडर्सने ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. तोवर तिकडेही माल काउंटरमागचा नोकर काढून देई. साँडर्सने गिऱ्हाइकालाच फडताळांमधून फिरवलं, नोकरांचा खर्च वाचवला आणि दर उतरवले. स्वतः उचलून घेणं ही काटकसर होती. 1937 मध्ये ओक्लाहोमात सिल्वन गोल्डमनने चाकांची टोपली आणली तेव्हा ती कोणी धरेना. पुरुषांना ती बायकी वाटली, बायकांना बाबागाडीची आठवण झाली. शेवटी त्याने पगारी माणसं ठेवून दुकानभर गाड्या ढकलत फिरवली. आपल्याकडे हीच काटकसर उतरली ती मात्र थाटाची वस्तू होऊन. 2002 मध्ये राधाकिशन दमाणींनी पवईला पहिलं ‘डी-मार्ट’ उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात रविवारचा कार्यक्रमच बदलला. सासू, सून, मुलं, दोन गाड्या, पार्किंगला रांग.

त्या दुकानांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांनी एक मोठं काम केलं. काउंटरमागून येणारा "काय पाहिजे?" हा प्रश्न त्यांनी घालवला. वाण्यापुढे पाव किलो तूरडाळ मागताना ज्या बाईचा आवाज बारीक होई, ती इथे कोणालाही न विचारता बदामाचं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करू शकत होती. घरकाम करणाऱ्या मावशी आणि त्यांची मालकीण एकाच फडताळापुढे उभ्या राहिल्या. फरक उघडा पडे तो शेवटी, बिलाच्या काउंटरला. आकडा वाढत जाताना तोंडी हिशेब करणाऱ्या घरातली बाई हळूच म्हणते, "हे राहू दे." मग शाम्पूची बाटली बाजूला सरकते. त्या काउंटरच्या कडेला दिवसअखेर साचलेल्या वस्तू कधी नीट पाहा. चीज, कॉर्नफ्लेक्स, मुलांची पेन्सिलपेटी. गावाच्या ऐपतीचा एवढा नेमका तक्ता कुठल्या अहवालात सापडणार नाही.

व्हॉट्सॲपवरून किराणा मागवण्याच्या देशातल्या इतिहासात आपल्या या पट्ट्याचं नाव अगदी पहिल्या पानावर आहे, हे ठाकुर्लीकरांनाही फारसं ठाऊक नसतं. रिलायन्सने ‘जिओमार्ट’ची चाचणी 2019 च्या अखेरीस सुरू केली ती नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये. एप्रिल 2020 मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये 43,574 कोटी रुपये गुंतवल्याची घोषणा झाली, आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवरून यादी टाकायची सोय याच तीन ठिकाणी आली. गंमत अशी की त्या चाचणीत यादी जवळच्या किराणा दुकानात जाई आणि सामान आणायला आपणच जायचं. हजारो कोटींनी वाण्याकडे यादी टाकण्याचा शोध नव्याने लावला, फक्त पोऱ्या तेवढा वगळला.

करोनाने उरलेलं केलं. एप्रिल 2021 च्या निर्बंधांत राज्यात किराणा दुकानं सकाळी 7 ते 11 उघडी आणि घरपोच सेवा रात्री 8 पर्यंत, असा नियम होता. चार तासांच्या झुंबडीत कोण गेलं आणि आठपर्यंत आरामात कोणी मागवलं, हे वेगळं सांगायला नको. ज्यांना मागवता आलं त्यांनी त्याला जबाबदारीने वागणं म्हटलं. जबाबदारीने वागणाऱ्याच्या दारापर्यंत जो आला, त्याचा धोका या हिशेबात धरला गेला नाही.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. ‘इन्स्टामार्ट’ 2020 चं, ‘झेप्टो’ 2021 चं. जुन्या ‘ग्रोफर्स’ने 2021 च्या डिसेंबरात ‘ब्लिंकिट’ हे नाव घेतलं. दहा मिनिटांत कोथिंबीर. हा माल येतो ज्या गोदामांतून त्यांना डार्क स्टोअर म्हणतात, आणि नाव बरोबर आहे. वाण्याच्या पोत्यात हात घालून तांदळात किडे आहेत का ते बघता येई. इथे गिऱ्हाइकाला आत प्रवेशच नाही. 2025 च्या जूनमध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने झेप्टोच्या धारावीतल्या गोदामाचा परवाना निलंबित केला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की आपली कोथिंबीर कुठल्याशा एका खऱ्याखुऱ्या खोलीत ठेवलेली असते. मीही एकदा एका ॲपवरून मेथी मागवली. पिवळी पडलेली, चिखलाने माखलेली जुडी आली. फोटो पाठवला, मिनिटभरात पैसे परत. तक्रारीला जागाच उरली नाही, आणि तरी मी तासभर धुमसत होतो. भाजीवालीशी निदान भांडता येतं. ती दोन शिव्या घालते आणि वर मिरची-कोथिंबीर टाकते.

पैशाचा मामला आणखी बारीक आहे. डिलिव्हरीचे वेगळे, हाताळणीचे वेगळे, पाऊस पडत असेल तर त्याचे वेगळे. ठरावीक रकमेच्या वर मागवलं की काही आकार माफ. म्हणून लोक लागत नसलेलं वेफर्सचं पाकीट टोपलीत टाकतात. पाच रुपयांचं तेल घेणाऱ्या पोराला या दुकानात जागा नाही. थोडं घेणाऱ्याला महाग पडतं हा नियम वाण्याच्या काळीही होता, पण वाणी थोडं देत तरी होता.

पत आता कुठे ठरते? बऱ्याच अंशी गेटवर. नव्वद फुटी रस्त्यालगतच्या नव्या टॉवरांत सुरक्षारक्षक आधी फोनवर परवानगी घेतो, मग पोराला सर्व्हिस लिफ्ट दाखवतो. काही ठिकाणी पाटीच असते. चोळेगावातल्या चार मजल्यांवर लिफ्ट नसल्याने तो भेद नाही, तिथे सगळेच चढतात, नाहीतर दोरी सोडतात. हाकांतही फरक पडलाय. भाजीवाली ताई, वहिनी, मावशी म्हणते आणि त्यातून वयाचा, नात्याचा, कधी खवचटपणाचा अंदाज देते. ॲपवाला पोरगा प्रत्येकाला सर आणि मॅडम म्हणतो, आणि आपण त्याला काहीच म्हणत नाही. स्क्रीनवर त्याचं नाव असतं. किती जण ते वाचून हाक मारतात, हे आपापल्या घरी तपासून पाहावं.

31 डिसेंबर 2025 ला, वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या रात्री, देशभरातल्या या कामगारांच्या संघटनांनी संप पुकारला होता. जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांना दहा मिनिटांची जाहिरात सोडायला सांगितलं आणि ब्लिंकिटने ते शब्द काढले. त्याआधी 21 नोव्हेंबर 2025 ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीचा 1 ते 2 टक्के हिस्सा या कामगारांसाठीच्या निधीत द्यायचा, अशी तरतूद तीत आहे. वाण्याच्या पोऱ्यासाठी असं कोणी कधी काही लिहिलं नव्हतं, हेही खरं.

आणि याच काळात जाऊन आणणं पुन्हा वर चढलंय. घरी मागवणं सगळ्यांना परवडू लागलं की त्याचा तोरा संपतो. आता तोरा आहे तो वेळ असण्याचा आणि पारख असण्याचा. रविवारी सकाळी मासळी बाजारात कल्ला उघडून लाल आहे का बघणारा, पोट दाबून सुरमईचा ताजेपणा सांगणारा गृहस्थ एरवी मीठ-साखर ॲपवरूनच मागवतो. डोंबिवलीचे निवृत्त काका कापडी पिशवी घेऊन दोन तास भाजी आणतात. त्यांची ती शाखा, क्लब आणि वर्तमानपत्र, सगळं एकत्र आहे. जिला वेळ नाही ती बाई मात्र अजून ठाणे-दादरहून भाजी घेऊन धिमी लोकल पकडते, कारण ठाकुर्लीला जलद गाडी थांबत नाही, आणि लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली की मांडीवर पिशवी पसरून गवार निवडायला घेते. तिच्या या कामाला अजून कोणी पारख म्हटलेलं नाही.

जूनमध्ये स्टेशनाच्या आसपास वांगणी, टिटवाळा, मुरबाडकडच्या आदिवासी बाया बसतात. पुढ्यात शेवळं, टाकळा, भारंगी, करटोली. शेवळं घेतली तर सोबत काकडं घ्यावीच लागतात, नाहीतर घसा खवखवतो, आणि किती काकडं लागतील ते बाईच सांगते. हे ज्ञान पूर्वी गरिबाच्या घरचं होतं. आता त्याचे फोटो निघतात. पण त्या बायांची बसायची जागाच वादात आहे. 2017 मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर मनसेने ठाणे, कल्याणला फेरीवाले हुसकावले आणि 1 नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटरांत फेरीवाल्यांना मज्जाव कायम केला. चेंगराचेंगरीत मेलेल्यांचा विचार केला तर त्या निकालाला नुसतं नाव ठेवता येत नाही. पण दीडशे मीटर म्हणजे सात चाळीसला उतरलेल्या, आठला कुकर लावायच्या बाईसाठी उलट दिशेची चाल. ती काही फार दिवस चालली नाही. तिने फोन काढला.

ज्यांना घरी मागवता येतच नाही असा एक वर्ग या सगळ्याच्या तळाशी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य 2023 पासून मोफत झालं, माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35. पण ते घ्यायला ई-पॉस यंत्रावर अंगठा लावावा लागतो. भांडी घासून झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही, नेटवर्क जातं, उद्या या म्हणतात. पस्तीस किलोंची गोणी रिक्षाने आणली तर मोफत धान्याला भाडं पडतं. वरच्या मजल्यावर चार आकडे ओरडून सांगितले की काम भागतं, खाली माणूसच हजर लागतो.

दोरीवाल्या आजींकडे सामान देऊन निघालेल्या त्या पोराला मी विचारलं, तू तुझं सामान कुठून आणतोस? ॲपवर कामगारांना काही सवलत असेल असं उगाच मनात होतं. तो हेल्मेट चढवत होता. "घराखालच्या दुकानातून," म्हणाला. "वही आहे आमची, बाबांच्या नावाची. महिन्याला देतो." मग थांबून म्हणाला, "दुकान साडेदहाला बंद होतं ना, मी सुटतो अकराला. आई जाऊन आणते."